बिडीवाल्यांची दहा मिनिटं

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात गोणपाटावर मूग वाळत घालत होतो. ते म्हणाले, "जमादार, तुम्ही तीस-बत्तीस वर्षं जिनिंगच्या गेटवर काढली. किती जणांच्या बिड्या धरल्या, किती जणांनी सोडलेल्या पाहिल्या, स्वतःही सोडली. तर बिडी सोडण्याचे फायदे लिहा. हलकंफुलकं लिहा, दिवाळीचा अंक आहे."

मी हो म्हणालो आणि मग तीन दिवस माझं डोकं तापलेलं होतं. बायकोने विचारलं की कोणाशी भांडण झालं का. झालं होतं, पण जुनं.

फायदे सगळ्यांना माहीत आहेत. कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा, भिंतीवर यादी असते. दम लागत नाही, खोकला जातो, जेवणाला चव येते. यादी खोटी नाही, सगळं खरं आहे. पण ती यादी लिहिणारा कधी आमच्या गेटवर उभा राहिला नव्हता. आमच्याकडे बिडी सोडली की फायद्याला दोन-चार महिने लागायचे आणि तोटा मात्र त्याच दिवशी दुपारी व्हायचा. बसायला मिळायचं नाही. आणि तो तोटा करायला मला पगार होता.

ज्यांनी जिनिंग आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतातला कापूस गाड्यांमधून येतो आणि आवारात त्याची गंजी लागते, दुमजली घराएवढी. तिथून तो रेच्यांवर जातो. रेचा म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. असे वीस-पंचवीस रेचे एका ओळीत धडधडत असतात. रुई पुढे दाबली जाते आणि तिच्या गठाणी बांधल्या जातात. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो तो ऊन तापेपर्यंत. तेवढे महिने रुईचे तंतू हवेत, भुवयांवर, डब्यातल्या भाकरीवर, सगळीकडे असतात. रेच्यावरचा माणूस तोंडाला दुपट्टा बांधून आठ तास उभा असतो. कापूस सारखा करायचा, अडकला तर काढायचा, दगड-खिळा दिसला तर उचलायचा. बसायला तिथे जागाही नसते आणि सवडही.

आणि या सगळ्याला भीती एकाच गोष्टीची, आगीची. कापसाची आग भडकून सांगत नाही. ठिणगी गंजीत शिरली की आतल्या आत धुमसत राहते. आज पडलेली ठिणगी परवा धूर दाखवते, आणि धूर दिसेपर्यंत निम्मी गंजी गेलेली असते. म्हणून गेटवर जमादार लागतो. माझ्या खोलीत भिंतीला एक लाकडी खोकं होतं, त्याला चाळीस खण, प्रत्येकावर तेलरंगाने आकडा. मजूर आत येताना बिडीचं बंडल आणि माचिस आपल्या खणात ठेवायचा, मी त्याची कंबर, दुपट्टा, चप्पल तपासायचो आणि मग तो आत जायचा. एकाने डब्यात भेंडीच्या भाजीखाली माचिस लपवली होती. ती भाजी मी त्याच्या देखत कुत्र्याला घातली. त्या काळात माझा असा दरारा होता, आणि मला तो आवडायचा.

आता नियमाची गोष्ट. मी कामाला लागण्याआधी आमच्याकडे एकदा गंजी जळाली होती. कोणीतरी आडोशाला बिडी ओढली होती. त्यानंतर ठरलं की माणसाला तलफ येणारच, तेव्हा चोरून आत पिण्यापेक्षा त्याला बाहेर पिऊ द्यावी. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला, दहा-दहा मिनिटं, गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली. तिथे दगड मांडले होते, थोटकं विझवायला वाळूची घमेली होती. वाईट काय होतं त्यात? ज्याने हा नियम केला त्याच्या डोक्यात आग होती, माणूस नव्हता. बिडीवाल्याला सुट्टी द्यायची हे त्याला सुचलं. बिडी न पिणाऱ्यालाही पाय असतात हे सुचलं नाही.

त्यामुळे दहा वाजले की बिडीवाले निंबाखाली दगडावर बसायचे आणि बाकीचे त्यांचेही रेचे सांभाळायचे. बायांना तर खोक्यात खणच नव्हता. त्या रुईतली कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, निवडत सकाळपासून उकिडव्या बसायच्या, त्यांना तीही सुट्टी नव्हती.

परिणाम काय व्हायचा तो मी दर हंगामाला डोळ्यांनी पाहिला. दिवाळीला खोक्यातले निम्मे खण रिकामे असायचे. संक्रांतीपर्यंत भरायचे. समुद्रपूरकडून येणारी धडधाकट माणसं, सुपारीचं खांड न चघळणारी, महिन्याभरात माझ्यासमोर बंडल ठेवायला लागायची. मी म्हणायचो, आजकालची माणसंच अशी. स्वतः त्यांच्यासोबत निंबाखाली बसून बिडी ओढत म्हणायचो.

मारोतराव नावाचे एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते, माळकरी. त्यांनी शक्कल काढली. एक बिडी विकत घेतली आणि तीच रोज मला दाखवून बाहेर जायचे, निंबाच्या पलीकडे पाठ करून बसायचे, परत यायचे. दीड महिना ती बिडी चालली. मला शंका आली ती बिडीच्या रंगावरून, पान पार काळपट पडलं होतं. परत येताना मी त्यांना थांबवलं आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. तोंडाला लवंगेचा वास. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मारोतराव, ही बिडी ओढता का हिची पूजा करता?" लोक पोट धरून हसले. म्हातारा मान खाली घालून आत गेला आणि पुन्हा कधी बाहेर आला नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांच्याच तोंडाचा वास घ्यायला लागलो. जगात सगळीकडे चौकीदार तोंडाचा वास घेतात ते नशा केलेल्याला अडवायला. मी घेत होतो तो बिडी न प्यायलेल्याला पकडायला. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आणि रागही येतो. पण तेव्हा मला मी मोठा हुशार वाटत होतो.

देवराव आमच्याकडचा जुना माणूस, रेच्यावरचा. वडनेरच्या बाजूचं त्याचं गाव. त्याची बायको प्रमिलाबाई आमच्याकडेच कवडी निवडायला होती. देवरावचा खण सतरा नंबरचा. दिवसाला दोन बंडलं ओढायचा. चाळिशीही झाली नव्हती, तेव्हा त्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला. बसमधून फाट्यावर उतरून जिनिंगपर्यंत चालत यायचं तर तो तीनदा थांबायचा. एकदा पानठेल्याशी, एकदा पुलाच्या कठड्याशी, एकदा वजनकाट्यापाशी. पोटरी आवळून यायची. लोक म्हणायचे आळशी आहे. मीही म्हणायचो.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं. तंबाखूने पायाच्या रक्ताच्या नळ्या बंद होत चालल्या आहेत. याला औषध एकच, तंबाखू बंद. बिडी नाही, खर्रा नाही, चुना लावून चिमूटभरही नाही. बिडी ठेव नाहीतर पाय ठेव.

देवरावने बिडी सोडली. एका दिवसात सोडली, बंडल प्रमिलाबाईच्या हातात दिलं आणि तिने ते चुलीत घातलं. पहिले दहा-पंधरा दिवस तो कोणाशी धड बोलत नव्हता, हात थरथरायचे. मग हळूहळू फायदे दिसायला लागले. संपादकांना हवे आहेत तेच फायदे, आणि मी ते रोज गेटवरून मोजत होतो. आधी पानठेल्याचा थांबा गेला. मग पुलाचा गेला. पायाची जखम कोरडी पडायला लागली. पाय रोज बर्फासारखा असायचा, तो ऊबदार झाला. एक दिवस डबा खाताना मला म्हणाला, "जमादार, अंबाडीची भाजी एवढी आंबट राह्यते हे मले मालूमच नोयतं. इतके दिवस बायकोले नावं ठेवून राह्यलो होतो का हिच्या हाताले चव नाई."

तो तेव्हा हसत होता. देवराव हसल्याचं मला एवढंच आठवतं.

त्याच सुमारास एकदा दहाच्या सुट्टीला तो बाकीच्यांबरोबर गेटवर आला. त्याचा पाय सुधारत होता, बरा झाला नव्हता. आठ तास उभं राहणं त्याला जड जात होतं. मी नेहमीच्या सवयीने हात आडवा घातला.

"बंडल?"

"सोडली ना जमादार. तुमाले तं मालूम हाय."

"मग बाहेर काऊन जातो?"

"जरा बसतो. पाय ठणकून राह्यला."

"बिडीची सुट्टी आहे देवराव. बसायची नाही."

"दहा मिनिटं तं हायेत."

"नियम मी केला नाही," मी म्हणालो. "जा आत."

त्या वेळी मॅनेजर तिथे नव्हते. कोणी बघत नव्हतं. मी त्याला सोडलं असतं तर माझ्या नोकरीचा केसही वाकडा झाला नसता. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर मी लोकांना बरीच वर्षं सांगत होतो की माझे हात बांधलेले होते. माझे हात मोकळे होते, आणि त्यातल्या एकात पेटलेली बिडी होती.

तो चार-पाच वेळा आला असेल. मी प्रत्येक वेळी तेच म्हणालो. मग एका सकाळी आत येताना त्याने माझ्यासमोर नवं बंडल ठेवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी ते सतरा नंबरात टाकलं आणि हसून म्हणालो, "आला का रस्त्यावर?"

दहा वाजता तो निंबाखाली दगडावर बसला, पाय लांब केला आणि बिडी पेटवली. परत येताना मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. पक्का वास होता. मी त्याला आत सोडलं.

होळीच्या आधी त्याचं येणं बंद झालं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा उजवा पाय गुडघ्याखालून काढून झाला होता. त्या डॉक्टरीणबाई खाटेशी होत्या. मी बरोबर काम करणारा आहे म्हटल्यावर त्या माझ्यावरच चिडल्या. "यांनी सोडली होती तेव्हा जखम भरत आली होती. मग पुन्हा हातात कोणी दिली?" मी म्हणालो, मला माहीत नाही. देवराव डोळे मिटून पडला होता. तो झोपला नव्हता हे मला दिसत होतं.

पंधरवड्याने प्रमिलाबाई कामावर आल्या. दहा वाजले, माणसं गेटवर जमली, आणि त्या कवडी टाकून सरळ माझ्या खिडकीशी आल्या.

"सतरा नंबरातलं बंडल द्या."

देवरावचं शेवटचं बंडल तसंच पडलेलं होतं. मला वाटलं, फेकायला नेत असतील. मी दिलं. त्यांनी त्यातली एक बिडी काढली, ओठांत धरली आणि माचिससाठी हात पुढे केला. रांगेतला एक जण हसला.

"आता जाऊ द्या मले भायेर," त्या म्हणाल्या. "का पेटवून दाखवू? या, वास घ्या."

"प्रमिलाबाई, ठेवा ते."

"माह्या मानसानं बिडीसाठी बिडी नाई पेली, जमादार. बुड टेकवासाठी पेली. बिडी नोयती तं तुमी बसू नाई देल्लं. बिडी आनली तं बसू देल्लं. आता मी आनली. मले बी बसू द्या. मी बी सकायपासून वाकून हावो."

त्यांच्यामागे बाकीच्या बाया उठून आल्या होत्या. तीसएक असतील. मी खिडकीतून उठलो, दोन्ही फाटकं सताड उघडली आणि घंटा दिली. एरवी सुट्टीला घंटा नसायची, ती फक्त पाळी सुटताना आणि आग लागल्यावर वाजायची. सगळे रेचे थांबले. रेच्यांवरची माणसं धावत बाहेर आली, त्यांच्यामागे मॅनेजर.

"जमादार, ये क्या चल रहा है? कुठे लागली?"

"कुठेच नाही साहेब. सगळे दहा मिनिटं बसणार आहेत."

"सगळे कशाला? सुट्टी बिडीवाल्यांची आहे."

"मग उद्यापासून या तीस बायाही बिडी पितील," मी म्हणालो. "तीस माचिस रोज गेटवर येतील. मी एकटा माणूस. बाईमाणसाची कंबर मी तपासणार नाही. एखादी माचिस आत गेली तर मला विचारायचं नाही."

साहेबांनी बायांकडे बघितलं नाही. त्यांनी गंजीकडे बघितलं. मग म्हणाले, "दहा मिनटं म्हणजे दहाच."

असं आम्हाला बसायला मिळालं. लोक अजून म्हणतात की जमादाराने भांडून मिळवून दिलं. कसलं भांडून? एका माणसाच्या पायाबद्दल तिथे एक शब्द निघाला नाही. कापूस जळेल म्हणून सुट्टी मिळाली. मला त्या दिवशी आनंद झाला नाही, आणि आजही त्या गोष्टीचं कोणी कौतुक केलं की मला शिसारी येते.

मी बिडी सोडली ती त्याच आठवड्यात. माझे फायदे थोडक्यात सांगतो, कारण तेवढ्यासाठीच हा लेख मागितला आहे. सकाळचा खोकला तीन महिन्यांत गेला. शेजारचे गुरुजी माझ्या खोकल्यावर उठायचे, त्यांना गजराचं घड्याळ घ्यावं लागलं. जिनिंगमधल्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर न थांबता चढता येऊ लागलं. मिशीचा पिवळा रंग गेला. आणि पुढच्या हंगामात एक गंमत झाली. मी कोणाला उपदेश केला नव्हता, भिंतीवर काही चिकटवलं नव्हतं. तरी संक्रांतीला खोक्यातले निम्मे खण रिकामेच होते. सगळ्यांनी काही सोडली नाही, पण नव्याने कोणी धरली नाही. धरायचं कारणच उरलं नव्हतं. माणसं दगडावर बसायची, पाणी प्यायची, बाया पाय लांब करायच्या आणि दहा मिनिटांनी उठून जायच्या.

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. संपादकांच्या फोननंतर मी जुन्या जिनिंगवर गेलो. म्हटलं, लिहिण्याआधी एकदा बघून यावं. हंगाम सुरू व्हायचा होता, साफसफाई चालू होती. गेटवर आता एजन्सीचा गार्ड आहे, निळ्या कपड्यातला. मजूरही ठेकेदाराचे. खोकं गेलं, त्या जागी प्लास्टिकचे डबे आले आहेत. मी विचारलं, सुट्टी कशी देता? तो म्हणाला, "काका, जो स्मोक करतो त्याला पास देतो ना दहा मिनिटांचा. बाकीच्यांना कशाला पाहिजे?"

मी त्याला बरंच बोललो. तो ऐकून घेत होता, म्हाताऱ्याचं ऐकून घेतात तसं. शेवटी म्हणाला, "नियम मी नाही केला, काका."

तिथून मी बस धरून देवरावच्या गावी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. देवरावने दवाखान्यातच पुन्हा बिडी सोडली होती आणि ती सुटली ती सुटलीच. डावा पाय शाबूत आहे. उजव्या बाजूला बनवलेला पाय बसवला आहे, तो दारात बसून त्याचे पट्टे आवळत होता. प्रमिलाबाईंनी चहा दिला आणि आत गेल्या. मी खूप वर्षं मनात घोळवलेलं बोलून टाकलं. म्हणालो, "देवराव, चूक माझी होती. तू दगडावर बसायला आला होता. मी तुला बिडी पाजली."

तो पट्टे आवळत राहिला. मला वाटलं, जाऊ द्या म्हणेल. आपल्याकडे माणसं म्हणतात तसं.

"तुमी रोज माह्या तोंडाचा वास घेत होते जमादार," तो म्हणाला. "तवा माह्या पायाचा वास अख्ख्या जिनिंगले येऊन राह्यला होता."

मी चहा तसाच खाली ठेवला. म्हणालो, बसची वेळ झाली, निघतो. तो म्हणाला, "चाला, मी येतो फाट्यापावतर."

गावापासून फाटा चांगला लांब आहे. मी वाटभर त्याच्या पायांकडे बघत होतो. देवराव एकदाही थांबला नाही. अर्ध्या वाटेत चप्पल सारखी करायच्या निमित्ताने मीच थांबलो, तर तो पुढे जाऊन उभा राहिला आणि मागे वळून वाट बघू लागला.

फाट्यावर एक सिमेंटचा बाक आहे. त्यावर तो आधी बसला आणि बाजूची जागा हाताने झटकली.

"बसा जमादार," तो म्हणाला. "बस याले दहा मिनिटं हायेत."

मी बसलो.